धुतलेला दोर

फक्कीकाका : फादर, दोर ताणून धरा हो! झोळ पडला की वळण पोटात जातं.

फादर : धरलाय, बाबा, धरलाय. सत्तरी उलटलेल्या माणसाला उन्हात स्टुलावर बसवायचं आणि वर त्यालाच दरडावायचं!

फक्कीकाका : दरडावत नाही. पण उद्या पोरं पळणार याच्यावर. खुंटीवरचा फास सरकला तर सगळंच सरकलं.

फादर : कॉलेज सुरू झालं तेव्हा मोजायची टेप नव्हती, म्हणून पहिल्या प्राचार्यांनी चॅपलच्या घंटेचा दोर उतरवून मैदान आखलं. आता टेप आहे, यंत्रं आहेत, तरी आपण दोघं म्हातारे दर वर्षी हा दोर उतरवतो. खुंटीशी फादर, दुसऱ्या टोकाला मैदानवाला. लोक हसत असतील आपल्याला.

फक्कीकाका : हसू देत. घंटेचा दोर मैदानाला लागला की मैदानावर खोटेपणा चालत नाही, असं तुम्हीच सांगता पोरांना.

फादर : सांगतो खरं. बरं, हे ऐका. आज संध्याकाळच्या प्रवचनासाठी चाल बसवतोय. पोरं आपापले बूट वेदीच्या पायरीवर ठेवतील, त्यानंतर हे म्हणायचं.
    जो पुढे गेला, तोही माझा।
    जो मागे राहिला, तोही माझा।
    वाटेत बसला दमून, त्याचा।
    श्वास मोजीन मी॥
कसं वाटतंय? अहो काका, फक्की सांडतेय! एकाच जागी ढीग झाला पांढरा. चाल इतकी वाईट आहे का?

फक्कीकाका : चाल चांगली आहे. त्यानंतर फळ्यावरची नावं घेणार?

फादर : दर वर्षी घेतो. ज्यांचे विक्रम अजून उभे आहेत त्यांची सगळ्यांची. शंभर मीटर, उंच उडी, भाला, आणि मुलींचं पंधराशे मीटर. तुमच्या लेकीचं नाव शेवटी घेतो, म्हणजे तुम्हाला दाराशी उभं राहून वाट बघावी लागते.

फक्कीकाका : यंदा घेऊ नका.

फादर : काय म्हणालात? मोठ्यानं बोला, मध्ये सगळा दोर आहे.

फक्कीकाका : यंदा तिचं नाव घेऊ नका, म्हटलं! तो विक्रम खोटा आहे!

फादर : हळू! अहो, हळू! तिकडे भालाफेकवाले उभे आहेत. असलं काही ओरडून सांगतात का? दोर ठेवा खाली आणि इकडे या. बसा. हा फक्कीचा रिकामा डबा उलटा करून बसा. हं. आता सांगा.

फक्कीकाका : फादर, दोर आखडला होता त्या वर्षी.

फादर : कोणत्या वर्षी?

फक्कीकाका : ती पळाली त्या. सतरा वर्षं झाली. मी धुतला होता.

फादर : दोर धुतला? कशाला?

फक्कीकाका : काळाकुट्ट झाला होता. घंटा ओढणाऱ्यांच्या हातांचा घाम, मेणबत्तीची काजळी. मला वाटलं, आपली पोरगी पळणार यावर, निदान दोर तरी स्वच्छ असावा. मोठ्या पातेल्यात सोडा घालून उकळला. हिनं घरी शिव्या घातल्या, पातेलं खराब झालं म्हणून. पांढरा झाला एकदम, नवरीच्या गजऱ्यासारखा. सावलीत वाळवला आणि दुसऱ्या दिवशी तोच धरून वळणं आखली.

फादर : आणि सुती दोर उकळल्यावर आखडतो.

फक्कीकाका : मीटरभर आखडला होता. दोन्ही वळणं आत आली. सरळ रेघा मी वळणांच्या टोकांवरून काढतो, त्यामुळे सगळं एकमेकांना जुळलं. डोळ्याला काही कळलं नाही. तुम्हालाही नाही.

फादर : मला काय कळणार! मी खुंटीशी बसून चाली बसवत होतो. थांबा हं... थांबा. घंटा वाजवणारा लंगडा म्हातारा आठवतो? त्या वर्षी तो महिनाभर स्टुलावर चढून घंटा वाजवत होता! मी त्याला म्हटलं, अरे, तू बुटका होत चाललास की काय. तो म्हणाला, फादर, दोरच वर गेलाय.

फक्कीकाका : तेव्हाच मला कळलं. स्पर्धा झाली, दोर परत टांगला, सकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, हात पोचत नाही. धावत मैदानावर गेलो, रेघा अजून पुसल्या नव्हत्या. टेप लावली. एका फेरीला सहा मीटर कमी.

फादर : पंधराशेला पाच फेऱ्या. म्हणजे तीस मीटर.

फक्कीकाका : एकतीस. ती चार मिनिटं अडतीस सेकंदांत आली. खरं मैदान असतं तर चार चव्वेचाळीस लागले असते.

फादर : म्हणूनच त्या दिवशी सगळ्यांच्याच वेळा इतक्या चांगल्या आल्या! आणि मी पुढच्या रविवारी प्रवचनात गायलो, देवानं लेकरांच्या पायांना पंख दिले म्हणून. चांगली दोन कडवी गायलो. पंख कसले, सोडा होता तो.

फक्कीकाका : हसू नका, फादर.

फादर : हसत नाही हो. स्वतःवर हसतोय. बाकीचे विक्रम?

फक्कीकाका : ते दोन-चार वर्षांत मोडले. लेकीचा तेवढा राहिला. तेव्हाच मी दोराला तुकडा जोडला, आणि त्यानंतर दर वर्षी दोरानं आखून झालं की टेप लावतो.

फादर : मला वाटायचं, वय झालं, भरवसा राहिला नाही. विचारलं नाही मी कधी. विचारायला हवं होतं. तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?

फक्कीकाका : नाव फळ्यावर लिहून झालं होतं ना. मैदान झाडणाऱ्याची पोरगी, आणि नाव कुठे, तर प्राचार्यांच्या दाराशेजारी. तुम्ही ते वेदीवरून गायलात. तिची आई रडली. मी म्हटलं, राहू दे चार दिवस. कुणाचं काय जातंय? मग तिला मोठ्या निवडीचं बोलावणं आलं.

फादर : त्या विक्रमावर.

फक्कीकाका : त्या विक्रमावर. तिथलं मैदान पक्कं, लाल. मी गेलो होतो बरोबर. चार त्रेचाळीस आली. पाचवी. चौघींना घेतलं.

फादर : चार त्रेचाळीस... म्हणजे काका, तिच्या खऱ्या वेळेपेक्षा एक सेकंद कमी!

फक्कीकाका : मला तेव्हाच कळलं होतं. तिथेच उभा होतो घड्याळ घेऊन. सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर तिचं नाव मीच पुसलं असतं. मग बसमध्ये दोन तास गप्प बसलो. आणि उतरताना म्हणालो...

फादर : काय म्हणालात?

फक्कीकाका : म्हणालो, छाती नव्हती तर आधीच सांगायचं होतंस.

फादर : अरे देवा.

फक्कीकाका : स्वतःची लाज झाकायला तिच्यावर ढकललं. त्या दिवसापासून ती पळाली नाही. वर्षभरात नोकरीला लांब गेली. तिकडेच लग्न केलं. आईला दर रविवारी फोन करते. मी शेजारी पेपर धरून बसतो, एक ओळ वाचत नाही. आई विचारते, बाबांशी बोलतेस? ती म्हणते, पुढच्या वेळी. 

फादर : सतरा वर्षं पुढची वेळ.

फक्कीकाका : आली नाही एकदाही. लग्नाचा फोटो पाठवला, त्यात तिचे पाय दिसत नाहीत. मला उगाच पाय बघायचे होते.

फादर : मग आज का सांगताय? सतरा वर्षं गिळलंत, आजच का वर आलं?

फक्कीकाका : यंदाची ती मुलगी, वेणी डोक्याला गुंडाळते ती. काल प्राथमिक फेरीत, नुसत्या टेपनं आखलेल्या रेघांवर, चार एक्केचाळीस आली. फळ्यावरच्यापेक्षा तीन सेकंद जास्त. नळाशी बसून रडत होती. म्हणाली, काका, माझ्यातच काहीतरी कमी आहे. आणि फादर, खरं तर तिनं माझ्या पोरीला मागे टाकलंय! सतरा वर्षं या कॉलेजच्या मुली एका खोट्या आकड्यामागे ऊर फुटेस्तोवर पळतायत, आणि मी त्यांना रेघा आखून देतोय.

फादर : हं.

फक्कीकाका : विक्रम रद्द करा. तुम्ही क्रीडाप्रमुख आहात, तुमच्या एका सहीचं काम आहे.

फादर : करतो. आजच करतो. ब्रश आणा, मी स्वतः नाव पुसतो.

फक्कीकाका : तुम्ही कसं पुसणार? रिवाज आहे. ज्याचं नाव, त्यानं स्वतःच्या हातानं पुसायचं आणि नव्याचं लिहायचं. तो भालावाला नाही का परदेशातून आला होता, नुसतं नाव पुसायला? तिला कळवावं लागेल. कॉलेजच्या कागदावर. यावंच लागेल तिला.

फादर : काका.

फक्कीकाका : काय?

फादर : माझ्याकडे बघा. विक्रम पुसायचाय, की लेक आणायचीय?

फक्कीकाका : ...दोन्ही.

फादर : खोटं बोलला नाहीत, हे बरं केलंत.

फक्कीकाका : कॉलेजनं बोलावलं तर येईल ती. तुमचा शब्द मोडणार नाही. फळ्यापाशी येईल, नाव पुसेल. मी लांबून बघेन, नळापाशी उभा राहून. बोललीच पाहिजे असंही नाही. कशी चालते ते बघायचंय. ती पाऊल टाकताना टाच जरा उचलायची, लहानपणापासून. अजून तशीच चालते का, एवढंच.

फादर : माझ्या शब्दाचं एवढं काही नाही. मलाही एक कबूल करायचंय तुमच्याजवळ. सात वर्षांपूर्वी तिचं मला पत्र आलं होतं.

फक्कीकाका : तुम्हाला? तिचं?

फादर : एकदाच. लिहिलं होतं, प्रवचनात माझं नाव घेऊ नका, फादर. मी ते ऐकायला येत नसले तरी त्या संध्याकाळी मला इथे बसून ऐकू येतं. मी तरी घेत राहिलो.

फक्कीकाका : का?

फादर : तुम्ही दाराशी उभे असायचात म्हणून. नाव आलं की तुमचा चेहरा... मला तो बघायची सवय लागली होती. गाणाऱ्या माणसाला ऐकणारा लागतो हो. तिचं ऐकलं नाही मी. तेव्हा मोठेपणा कुणीच करायला नको.

फक्कीकाका : आणखी काय होतं पत्रात? माझ्याबद्दल?

फादर : शेवटी एक ओळ होती. बाबा अजून उन्हात टोपी न घालता फिरतात का. मी उत्तरात लिहिलं, फिरतात.

फक्कीकाका : मला का नाही सांगितलंत, फादर? सात वर्षं! टोपी घातली असती मी.

फादर : चुकलो. आता मी सांगतो तसं करा. फळ्याचं नंतर बघू. त्या वेणीवाल्या मुलीला मी आत्ता जाऊन खरं सांगतो, उद्या तिला मोकळ्या मनानं पळू दे. संध्याकाळी सगळ्यांनाही सांगेन, गाऊनच सांगेन. एका बापानं मायेनं दोर धुतला आणि मैदान आखडलं. ऐकतील पोरं, चाल चांगली बसेल. पण त्याआधी तुम्ही फोन करा.

फक्कीकाका : मी?

फादर : मग कोण, घंटावाला? फोन करा आणि खरं सांगा. ये म्हणू नका. रिवाजाचं बोलू नका, फळ्याचं बोलू नका, आईची तब्येत बरी नसते असलंही काही पुढे करू नका. तिला आणण्यासाठी खरं सांगितलंत तर ते पुन्हा तुमच्याच कामाचं होईल. तिचं आहे ते, तिला देऊन टाका.

फक्कीकाका : आणि नाही आली तर?

फादर : तर नाही आली.

फक्कीकाका : कठीण बोलता तुम्ही. गाताना इतके गोड असता.

फादर : नंबर आहे ना?

फक्कीकाका : पाठ आहे. हिच्या फोनमधून चोरून पाठ केला. कधी लावला नाही.

फादर : लावा. मी त्या मुलीकडे जातो. स्टुलावर तुम्ही बसा, डब्याला कड आहे, रुतेल. आणि काका, हे घ्या. माझी टोपी. घाला म्हणतो ना!

फक्कीकाका : वाजतोय... फादर, वाजतोय फोन. गेले वाटतं. हॅलो? हॅलो, मी...

लेक : बाबा? काय झालं? आईला काय झालं?

फक्कीकाका : काही नाही. आई बरी आहे. मटार सोलतेय घरी. काही झालेलं नाही कुणाला.

लेक : मग तुम्ही कसा काय फोन... थांबा, मी कामावर आहे. स्पीकरवर टाकते, हात भरलेत.

फक्कीकाका : नंतर करू का?

लेक : नको. बोला. प्लास्टर भिजवतेय, समोर पेशंट आहेत एक आजोबा, त्यांना ऐकू येत नाही. बोला, बाबा.

फक्कीकाका : तुझी वेळ खरी नव्हती.

लेक : कसली वेळ?

फक्कीकाका : इथली. चार अडतीस. मी दोर धुतला होता, उकळून. तो आखडला. मैदान लहान आखलं गेलं. फेरीला सहा मीटर. तुझी चूक नव्हती, माझी होती. तुझी खरी वेळ चार चव्वेचाळीस होती.

लेक : आणि तिथे मी चार त्रेचाळीस आले.

फक्कीकाका : हो.

लेक : म्हणजे तिथे मी कमी पडले नव्हते.

फक्कीकाका : नाही. आयुष्यातली सगळ्यात चांगली धाव होती ती तुझी. मी घड्याळ घेऊन उभा होतो, मला तिथेच कळलं होतं.

लेक : तिथेच? म्हणजे बसमध्ये तुम्हाला माहीत होतं?

फक्कीकाका : होतं.

लेक : उतरताना तुम्ही जे म्हणालात, तेव्हाही माहीत होतं?

फक्कीकाका : होतं, बाळ.

लेक : बाळ म्हणू नका.

फक्कीकाका : बरं.

लेक : मी बूट त्या बसच्या सीटखाली सोडून आले होते. तुम्हाला वाटलं, हरवले. तुम्ही मला विसरभोळी म्हणून ओरडलात. सतरा वर्षं, बाबा! माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. शाळेत पळायला उतरते म्हणाली तर मी तिला चित्रकलेला घातलं. का घातलं, ते मी नवऱ्यालाही सांगू शकले नाही. आणि तुम्ही रोज त्याच मैदानावर...

फक्कीकाका : रोज. दुसरं काही म्हणण्यासारखं नाही माझ्याजवळ. तू रागव. मी ऐकतो.

लेक : मला आत्ता रागवायला वेळ नाही. प्लास्टर घट्ट व्हायला लागलंय, आजोबांचा हात वाकडा बसेल. ठेवू नका फोन.

फक्कीकाका : नाही ठेवत.

(फोनमधून बराच वेळ पाण्याचा आवाज, ओली पट्टी गुंडाळल्याचा आवाज, मग नळ बंद होतो.)

लेक : बाबा, आहात?

फक्कीकाका : आहे.

लेक : मला वाटलं, ठेवला असेल.

फक्कीकाका : नाही गं.

लेक : उन्हात बसलायत का? वाऱ्याचा आवाज येतोय.

फक्कीकाका : टोपी घातलीय.

लेक : ...त्या दिवशी ना, तिथे, चौथ्या फेरीला मला वाटलं होतं की मी इतकी छान कधीच पळले नाही. पाय लागतच नव्हते जमिनीला. मग घड्याळ बघितलं. आणि वाटलं, माझं मलाच काही कळत नाही. पुढे कशातच माझं मला खरं वाटेना. नोकरी बरी चाललीय असं वाटलं, की लगेच वाटायचं, नसेलही. घर चांगलं चाललंय... नसेलही.

फक्कीकाका : खरं होतं ते. जे तुला वाटलं, ते खरं होतं.

लेक : ते कुणालाच कधी सांगितलं नाही मी. कसं होतं ते.

फक्कीकाका : मला सांगशील?

लेक : आजोबांचं प्लास्टर वाळायला वीस मिनिटं लागतील.

फक्कीकाका : मग पहिल्या फेरीपासून सांग.